गंज चढलाय की गंजाने खाल्लंय?

जुनी स्कॉर्पिओ किंवा सफारी खालून लाल दिसली की दोन सल्ले ठरलेले. एक, "गेली गाडी, भंगारात द्या." दुसरा, "काही होत नाही भाऊ, अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे खालून काळा थर, मारून घ्या." दोन्ही सल्ले गाडीखाली न शिरता दिलेले असतात. वरवर चढलेला गंज आणि पत्रा खाणारा गंज, रंग एकच, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

चढलेला गंज सगळ्यांच्या ओळखीचा. वायर ब्रश, रेड ऑक्साइडचा प्रायमर, वरून रंग, झालं. सायलेन्सर लाल झाला किंवा पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर आला, तर त्यावर एक मिनिटही घालवू नका.

घोळ होतो तो चासीत, म्हणजे गाडी ज्यावर उभी असते त्या लोखंडी सांगाड्यात. ती ठिकठिकाणी पेटीसारखी बंद असते. आत चिखल साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतून पत्रा कागदासारखा झालेला असू शकतो. म्हणून नुसतं बघून काही कळत नाही, हातोडी लागते. मागच्या एक्सलवर चासी वाकते तो बाक, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अडकवलेले हँगर, क्रॉस मेंबरचे (आडव्या दांड्यांचे) जोड, सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं, पापुद्रे गळले, तर जुना पेचकस जोर लावून दाबा. टोक आत शिरलं तर ते खाल्लेलं आहे.

"नागपूरची हवा कोरडी, इथे काय गंजतं?" हे मला फार ऐकावं लागतं. इथेच वाढलेल्या गाडीबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण एमएच ०८ पाटीची, रत्नागिरीत दहा पावसाळे काढलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून आणलीत, तर तिचा गंजही सोबत येतो. आणि २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा बुडालेल्या गाड्या? सीट धुतल्या, कार्पेट बदललं. चासीतला गाळ किती जणांनी काढला?

खाल्लेल्या जागेवर कोटिंग मारणं मला सगळ्यात जास्त खटकतं. ओल आत कोंडते आणि पुढच्या मालकाला काहीच दिसत नाही. चासीच्या भोकात लांबी (पुट्टी) भरून वर काळा रंग मारलेलाही मी पाहिलाय. ही सरळ फसवणूक आहे. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) पातळ गंजासाठी चांगला, पण गेलेलं लोखंड तो परत आणत नाही. चांगला धातू लागेपर्यंत कापा, मूळ जाडीची पट्टी वेल्ड करा, त्याआधी बॅटरीची तार काढा, नंतर पेटीच्या आत मेणाचा स्प्रे सोडा. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर नको. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तोच नंबर तपासतात.

सस्पेन्शनला मात्र वेल्डिंग नाहीच. लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), पाटे, स्प्रिंग, खाल्लेले दिसले की नवे. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की त्याला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ते भर रस्त्यात तुटू शकतं. पाटे आणि स्प्रिंग डाव्या-उजव्या जोडीनेच बदला, नंतर अलाइनमेंट करा, आणि काढलेले यू-बोल्ट पुन्हा लावू देऊ नका.