मोबाइलला पाच, फ्रिजला दहा

वस्तू किती वर्षं टिकते याचा सरकारी हिशेब आपल्याकडे फार जुना नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. त्याआधी बिघडलेला टीव्ही नाशिकमध्ये एकतर दुरुस्तीवाल्याकडे जायचा, नाहीतर भंगारवाल्याकडे.

१९८२ साली रंगीत टीव्ही आला. ते सेट दणकट होते असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. ते वरचेवर बिघडायचे, पण नीटही व्हायचे. पिक्चर ट्यूब मंद झाली की कारागीर ती बूस्ट करून द्यायचा आणि घरातला सेट आणखी दोन दिवाळ्या बघायचा. आता एलईडीचं पॅनेल गेलं की नवा सेट घेणंच परवडतं.

वस्तू लवकर बिघडतात, त्यातला उरलेला बराच दोष उष्णतेचा. सेट टॉप बॉक्स उघडला की पॉवर सप्लायमध्ये बहुतेकदा एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा नळकांड्यासारखा भाग, डोकं फुगवून बसलेला दिसतो. १०५ अंशांना २,००० तास चालेल अशा बोलीचा हा सुटा भाग दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास. बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आतून चालूच असतो, त्यामुळे हे तास पावणेचार वर्षांच्या आतच संपतात. नाशिकची हवा थंड म्हणावी, तर आपण तो ठेवतो टीव्हीमागच्या बंद कपाटात!

खरा घोळ ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांचा आहे. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. त्यात प्रत्येक वस्तूचं 'सरासरी आयुष्य' धरलं जातं: स्मार्टफोनला पाच वर्षं, फ्रिजला दहा. हा आकडा ग्राहकाला दिलेला शब्द नव्हे. उत्पादकानं किती कचरा रिसायकल करवून घ्यायचा, ते यावरून ठरतं. २०२५-२६ चं उद्दिष्ट ७० टक्के आहे, म्हणजे २०२०-२१ मध्ये विकलेल्या फोनच्या वजनाच्या ७० टक्के. विक्री दरवर्षी वाढत असेल तर आयुष्य जितकं कमी धराल तितका बोजा जास्त. त्यामुळे एक वर्षाच्या वॉरंटीपुढे चकार शब्द न काढणाऱ्या कंपन्यांना कागदावर मात्र आपला माल दीर्घायुषी निघालेला सोयीचा.

वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली तर उत्पादकाला सवलत आहे. १०० टनांपैकी ६० टनांचं दुरुस्तीचं प्रमाणपत्र दाखवलं, तर यंदा ४० टन रिसायकल करायचे आणि वाढीव आयुष्य संपल्यावर ६० नव्हे, ४५. पाऊण हिशेबच उरतो. कल्पना चांगली आहे, पण प्रमाणपत्र देणार फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केलेला दुरुस्तीदार. महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कात कॉम्बो (टचसकट स्क्रीन) बदलून, चार्जिंग जॅक टाकून फोनला आणखी दोन-तीन वर्षं काढून देणारा कारागीर या हिशेबात कुठेच नाही. तोच फोन पुढे दिंडोरी-सुरगाण्याकडे सेकंडहँड विकला जातो आणि चालतो. सरकारी सरासरीत मात्र तो पाचव्या वर्षीच मेलेला असतो. माझ्या मते या नियमाची सगळ्यात मोठी चूक हीच.

भंगाराची बाजू तर त्याहून अंधारात. सातपूर-अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये हटवला गेला. त्यानंतर वायर जाळणं आणि बोर्ड फोडणं थांबलं असं कुणी छातीठोक सांगणार नाही. माल भंगारवाल्यांकडेच जातो, कारण ते घरी येऊन रोख पैसे देतात.

आता चर्चा दुरुस्ती-निर्देशांकाची आहे. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येणार, यावर गुण द्यायचे. केंद्रानं २०२४ मध्ये नेमलेल्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला; सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. युरोपात २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग देणं आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक असणं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या प्रस्तावात गुण कंपनीनंच स्वतःला द्यायचे आहेत.