चालताना मजला थरथरतो? आधी हे वाचा

शेजारून कोणी गेलं की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलतं, बसल्याबसल्या खुर्ची थरथरते. अशी तक्रार घेऊन आमच्याकडे, म्हणजे मजल्यांची थरथर तपासणाऱ्यांकडे, येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो: स्लॅब पडणार तर नाही ना? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. वजन सहज पेलणारा मजलाही थरथरू शकतो, कारण मजबुती वेगळी आणि ताठरपणा वेगळा. मात्र सोबत नव्या भेगा, झुकलेला स्लॅब किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिथे तपासणी लगेच करून घ्या.

माणूस चालताना सेकंदाला साधारण 2 पावलं टाकतो. या ठोक्यांचा जोर 2 हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 2 वेळा) संपत नाही; 4, 6, 8 हर्ट्झलाही तो मजल्याला ढकलत असतो. लांब गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर जास्त असलेल्या) हलक्या मजल्याची स्वतःची वारंवारता, म्हणजे तो सेकंदाला आपसूक किती वेळा हलतो तो आकडा, यातल्या एखाद्या आकड्याशी जुळली की थरथर वाढत जाते. त्यात आपलं शरीर उभ्या हालचालीला 4 ते 8 हर्ट्झमध्येच सर्वांत संवेदनशील असतं. त्यामुळे शांत बसून काम करणाऱ्याला गुरुत्वत्वरणाच्या (वस्तू खाली पडताना तिचा वेग ज्या दराने वाढतो, त्याच्या) अर्ध्या टक्क्याएवढ्या त्वरणाची हालचालही खटकते. मॉलमध्ये दीड टक्काही चालून जातो.

एकत्र व्यायामाचा जोर तर फारच मोठा. 2011 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलची 39 मजली टेक्नोमार्ट इमारत हादरली आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. तज्ज्ञांनी शोधलेलं कारण होतं जिममधल्या 17 जणांचा एका तालावरचा व्यायाम. म्हणून जिम शक्यतो तळमजल्यावरच ठेवा, असा आमचा आग्रह असतो.

पुष्कळदा थरथर नूतनीकरणानंतर सुरू होते. जुनी पार्टिशनं आणि भरलेली कपाटं ती जिरवत होती, हे हॉल मोकळा केल्यावर कळतं. मग कार्पेट टाकलं जातं. त्याने पावलांचा आवाज कमी होतो, मजला मात्र जवळपास तसाच हलत राहतो.

आम्ही आधी गाळ्याच्या मध्यावर त्वरणमापक (हालचालीचं त्वरण मोजणारं उपकरण) ठेवून, माणसं चालवून मोजणी करतो. उपाय त्यानंतर ठरतो: योग्य जागी पूर्ण उंचीचं पार्टिशन, बीम ताठ करण्यासाठी त्याला जोड, खाली जागा असेल तर नवा कॉलम, नाहीतर मजल्याच्या वारंवारतेला जुळवलेला वजन-स्प्रिंगचा डॅम्पर (थरथर जिरवणारं साधन). यंत्रामुळे त्रास असेल, तर त्याखाली योग्य पॅड बसवून बऱ्याचदा भागतं.

थरथर कुठे बसल्यावर, कोणत्या वेळी आणि कशामुळे जाणवते, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि आमचा माणूस येईल तेव्हा ती वही त्याला दाखवा. भिंत काढायचा विचार असेल, तर तोडफोडीआधीच नकाशा पाठवा.