मिरांडा प्रीस्टली आली कुठून?

‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ हा चित्रपट 30 जून 2006 रोजी अमेरिकेत झळकला, तेव्हा त्यातली फॅशन मासिकाची कडक संपादक मिरांडा प्रीस्टली म्हणजे ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या संपादक ॲना विंटूर, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याला कारणही होतं. ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला, तिची लेखिका लॉरेन वाइसबर्गर हिने शिक्षण संपल्यावर विंटूरबाईंच्याच हाताखाली असिस्टंटची नोकरी केली होती. कादंबरी 2003 मध्ये आली. ती लिहून पुरी होण्याआधीच फॉक्स या स्टुडिओने चित्रपटाचे हक्क घेऊन टाकले होते. पण मिरांडाचा दरारा एका बाईच्या स्वभावातून आलेला नाही. तो त्या खुर्चीचा आहे, आणि खुर्ची बरीच जुनी आहे.

‘व्होग’ 1892 साली न्यूयॉर्कच्या बड्या घरांसाठी साप्ताहिक म्हणून निघालं. 1909 मध्ये ते काँडे नास्ट यांनी विकत घेतलं. नास्ट मुळात जाहिरात विभागातून वर आलेले. वाचक थोडे असले तरी चालतील, पण पैसेवाले हवेत. मग महागड्या मालाचे जाहिरातदार आपल्या पायांनी येतात, असा त्यांचा हिशेब. तो जमायचा तर काय छापायचं नि काय नाही, याचा निकाल एका शब्दात लावणारं कुणीतरी हवं. एडना वूलमन चेस यांनी 1914 ते 1952 असं सलग ते काम केलं.

सिनेमाला मात्र पहिली भुरळ घातली डायना व्रीलँड यांनी. ‘हार्पर्स बझार’ या दुसऱ्या फॅशन मासिकातल्या या फॅशन एडिटरवरून 1957 च्या ‘फनी फेस’ या चित्रपटातली संपादक मॅगी प्रेस्कॉट बेतली होती. ती एक दिवस फर्मान सोडते की आता सगळं गुलाबी, आणि अख्खं ऑफिस कामाला लागतं. ‘गुलाबी म्हणजे भारताचा नेव्ही ब्लू’ हे व्रीलँडबाईंचं वाक्य आजही फॅशनवाले उगाळतात. राणी रंगाच्या साड्यांनी भरलेली लग्नं पाहता बाईंचं फारसं चुकलं होतं असं नाही!

1960 च्या दशकात त्या ‘व्होग’च्या मुख्य संपादक झाल्या, आणि 1971 मध्ये मालकांनी त्यांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या ग्रेस मिराबेला यांनी नोकरदार बायकांना घालता येतील असे कपडे छापले, खप वाढवला. 1988 मध्ये त्यांचीही गच्छंती झाली, आणि ती बातमी त्यांच्या घरी पोचली टीव्हीवरून. मिरांडाबद्दल बोलताना लोक हे विसरतात. चित्रपटातही पॅरिसमध्ये मालक तिच्या जागी दुसरी बाई आणायच्या बेतात असतो, आणि स्वतःची खुर्ची वाचवायला ती आपला जुना सहकारी नायजेल याला मिळणारी संधी त्या बाईलाच देऊन टाकते. हे क्रौर्य आहेच. पण तिच्या डोक्यावरही बॉस आहे, हे पटकथा लपवत नाही.

मिराबेलांच्या जागी विंटूर आल्या. नोव्हेंबर 1988 च्या त्यांच्या पहिल्या मुखपृष्ठावर फ्रेंच डिझायनर क्रिस्तियाँ लाक्रोआचं खडे जडवलेलं महागडं जाकीट होतं, आणि त्याखाली साधी जीन्स. काही चूक तर झाली नाही ना, हे विचारायला छापखान्यातून फोन आला होता म्हणे.

कादंबरी सगळी असिस्टंटच्या बाजूने बोलते. बॉस तिथे नुसता छळ आहे. पटकथाकार ॲलीन ब्रॉश मॅकेना आणि दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकल यांनी मिरांडाला तिच्या कामाची बाजू मांडायला दिली, आणि माझ्या मते चित्रपट तगला तो त्यामुळेच. दोन पट्टे हुबेहूब सारखे दिसतात म्हणून मिरांडाची नवी असिस्टंट अँडी हसते, तो प्रसंग पाहा. मिरांडा ओरडत नाही. अँडीच्या अंगातल्या ढगळ निळ्या स्वेटरचा रंग रॅम्पवरून दुकानात आणि दुकानातून सेलच्या ढिगाऱ्यात कसा पोचला, हे ती हातातलं काम न थांबवता सांगते. फॅशनच्या धंद्याचा हा भाग पटकथेत असावा, हा मिरांडा साकारणाऱ्या मेरिल स्ट्रीपचाही आग्रह होता. मिरांडाचा तो दबका आवाज तिने अभिनेता-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडकडून उचलला, असं तिनेच सांगितलंय.

निर्मिती सुरू झाली तेव्हा फॅशनच्या दुनियेत सगळे हात राखून होते. विंटूरबाईंची खप्पा मर्जी कोण ओढवून घेणार? पडद्यावर स्वतःच्या नावाने आलेला मोठा डिझायनर म्हणजे व्हॅलेंटिनो. वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डकडे कपड्यांसाठी जेमतेम एक लाख डॉलर होते. उरलेलं सगळं तिने ओळखीपाळखीतून उसनं आणलं. विंटूरबाई मात्र चित्रपटाच्या न्यूयॉर्कमधल्या एका खास खेळाला आल्या, आणि आल्या त्या प्राडा या ब्रँडचे कपडे घालूनच. चित्रपटाने जगभरात 32 कोटी डॉलरहून जास्त कमावले.

जून 2025 मध्ये विंटूर अमेरिकन ‘व्होग’च्या मुख्य संपादकपदावरून बाजूला झाल्या. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दुसऱ्या भागाचं चित्रीकरण चालू होतं. ‘व्होग’च्या मालक कंपनीतली वरची पदं विंटूर यांनी सोडलेली नाहीत, आणि त्यांच्या जागी आलेल्या क्लोई मॅल यांच्या पदाच्या नावात ‘मुख्य संपादक’ हे शब्दच नाहीत.