चेहरा निवडता येतो, चाल नाही

बऱ्याच व्हिडिओ गेममध्ये खेळ सुरू होण्याआधी स्वतःचं पात्र घडवावं लागतं. उंची किती, केस कसे, रंग कोणता, नाव काय. काही जण मिनिटभरात हे उरकून पुढे जातात, तर काही जण भुवयांचा कोन मनासारखा येईपर्यंत तासभर बसून राहतात. मानसशास्त्रज्ञांना या तासाभरात फार रस आहे. ‘तुम्ही स्वतःकडे कसं पाहता?’ असं थेट विचारलं, की माणूस शोभेलसं उत्तर देतो. इथे त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. तो आपणहून एक माणूस घडवतो आणि मग महिनोन् महिने त्याला चालवतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या ५१ जणांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथरिन बेसिएर आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाकडून तीन व्यक्तींचं वर्णन घेतलं: तो स्वतः कसा आहे, त्याला कसं व्हायला आवडेल आणि त्याचं गेममधलं पात्र कसं आहे. पात्र बहुतेकदा पहिल्या दोहोंच्या मध्ये पडलं. प्रत्यक्षातल्या माणसापेक्षा ते त्याच्या मनातल्या आदर्शाच्या जवळ होतं. ज्यांची मनःस्थिती फारशी बरी नव्हती, त्यांच्या बाबतीत माणूस आणि पात्र यांच्यातलं अंतर आणखी वाढलेलं दिसलं. टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्येच मांडलं होतं, की आपण आहोत तसे आणि व्हावंसं वाटतं तसे यांच्यातली दरी रुंद असली की माणूस खिन्न होतो. गेममध्ये ही दरी काही तासांपुरती तरी ओलांडता येते. याला पळवाट म्हणून हिणवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. आपल्याला नेमकं काय व्हायचंय हे इतक्या तपशिलात पाहण्याची संधी माणसाला एरवी क्वचितच मिळते.

म्हणून पात्र म्हणजे केवळ स्वप्न, असंही नाही. भाषा आणि शिक्षण यांचे अभ्यासक जेम्स पॉल जी यांनी २००३ मध्ये खेळाडूच्या तीन ओळखी सांगितल्या. एक खरा माणूस, दुसरं पडद्यावरचं पात्र, आणि तिसरी या दोघांच्या मधली: ‘माझं पात्र असं असावं, त्याने असं वागावं’ ही खेळाडूची इच्छा. दारातल्या म्हाताऱ्याला लुबाडणं पात्राला सहज शक्य असतं, त्यात फायदाही असतो, आणि तरी बोट बटणावर अडखळतं. तिथे ही तिसरी ओळख काम करत असते.

खरी गंमत पुढे आहे. आपण पात्र घडवतो, तसं पात्रही आपल्याला थोडंफार घडवतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी लोकांना आभासी वास्तवाचे चष्मे लावून वेगवेगळी शरीरं दिली. कुणाला कोणतं शरीर मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं, स्वतःच्या खऱ्या उंचीशी त्याचा संबंध नव्हता. मग समोरच्या व्यक्तीबरोबर १०० डॉलर वाटून घ्यायचे होते. समोरच्यापेक्षा १० सेंटीमीटर उंच शरीर मिळालेल्यांनी स्वतःकडे जास्त रक्कम ओढली. बुटकं शरीर मिळालेल्यांनी ‘मला ७५, तुला २५’ असा सरळसरळ अन्याय्य प्रस्तावही उंच शरीरवाल्यांच्या साधारण दुप्पट वेळा मान्य केला. दुसऱ्या प्रयोगात देखणा चेहरा मिळालेले लोक अनोळखी व्यक्तीच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःबद्दल जास्त मोकळेपणाने बोलले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला त्यांनी ग्रीक पुराणातल्या रूप बदलणाऱ्या समुद्रदेवतेवरून ‘प्रोटिअस परिणाम’ असं नाव दिलं. दोन वर्षांनी त्यांनी दाखवलं, की उंच शरीराचा ताठा चष्मा काढल्यानंतरच्या समोरासमोरच्या वाटाघाटीतही काही काळ टिकतो.

हे कसं होतं? डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाची एक जुनी मांडणी इथे उपयोगी पडते. आपल्या मनात काय आहे हे आपल्याला आतून दरवेळी स्पष्ट कळतंच असं नाही. पुष्कळदा आपण दुसऱ्याला जोखतो तसंच स्वतःलाही बाहेरून जोखतो. मी उंच दिसतोय, उंच माणसं ठामपणे बोलतात, म्हणजे मी ठाम आहे. हा हिशेब मन नकळत मांडतं. परिणाम मात्र अवाढव्य नाही. २०२० मध्ये अशा ४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा तो लहान ते मध्यम आकाराचा निघाला. कुणी गेम खेळून दुसराच माणूस होत नाही, पण हलतो जरूर.

कोणत्या दिशेने हलेल, हे सांगणं अवघड. २०१३ च्या एका प्रयोगात गोऱ्या स्त्रियांना आभासी वास्तवात काळं शरीर दिलं, तेव्हा त्यांच्या मनातला नकळत असलेला वर्णभेद कमी झाला. त्याआधी २००९ मध्ये मात्र नोकरीच्या मुलाखतीच्या प्रसंगात काळं शरीर दिल्यावर तोच पूर्वग्रह वाढलेला आढळला होता. दुसऱ्याचं शरीर घातलं की आपोआप सहानुभूती येते, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. त्या शरीराबरोबर समाजाचे साचेही अंगावर येतात.

आणि तरीही खेळाडूचं काहीतरी असं उरतं, जे कोणत्याही रूपाखाली झाकत नाही. रोझा मार्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात ३७५ खेळाडू ‘वॉरक्राफ्ट’मधल्या खास रचलेल्या एका मोहिमेत उतरले. पुरुषांपैकी २३ टक्क्यांनी स्त्रीपात्र घेतलं, स्त्रियांपैकी ७ टक्क्यांनी पुरुषपात्र. स्त्रीपात्र घेतलेल्या पुरुषांचं बोलणं बदललं: भावना दाखवणारे शब्द वाढले, उद्गारचिन्हं वाढली. चाल मात्र बदलली नाही. इतर पुरुषांसारखेच ते गटापासून जरा दूर राहत, मागे मागे सरकत आणि वारंवार उड्या मारत. रूप आणि शब्द आपण विचार करून निवडतो. उडी मारायचं बटण विचार न करता दाबलं जातं. खेळाडू गेममध्ये कुठे दिसतो, या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे: चेहऱ्यापेक्षा वागण्यात.

हे फार लवकर ओळखलं ते रिचर्ड गॅरिअट यांनी. १९८५ मधल्या त्यांच्या ‘अल्टिमा ४’मध्ये वध करण्यासाठी कुणी अंतिम दुष्ट नव्हता. आठ सद्गुण अंगी बाणवणं हेच उद्दिष्ट. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी स्त्री पेचात टाकणारे प्रश्न विचारी आणि उत्तरांवरून तुमचं पात्र ठरे. पण खरी परीक्षा पुढे होती. जादूसाठी लागणारं साहित्य विकणारी स्त्री आंधळी असे. किती नाणी ठेवली ते खेळाडूनेच सांगायचं. कमी ठेवली तरी ती काही बोलत नसे, माल तुमचा. गेम मात्र आत नोंद करून ठेवी, आणि प्रामाणिकपणाची वाट अडली की ते पुष्कळ उशिरा लक्षात येई. ज्याला आपलं वागणं कुणी मोजत नाहीये असं वाटतं, त्या खेळाडूची ओळख टिपण्याची इतकी नेमकी युक्ती मला नंतरच्या, शंभरपट महागड्या गेममध्येही फारशी दिसलेली नाही.

मुळात शरीर निवडायलाच मिळालं नाही तर? ‘रस्ट’ या गेमने २०१५ पासून खेळाडूच्या खात्याच्या क्रमांकावरून त्वचेचा रंग ठरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी लिंगही तसंच ठरू लागलं. बदलण्याची सोय नाही. ‘हा मी नाही’ अशा तक्रारी लगेच आल्या. त्या समजण्यासारख्या आहेत, पण हा अनुभव कितीतरी लोकांना नेहमीचाच होता. डिमिट्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १५० गेममधल्या पात्रांची शिरगणती केली, तेव्हा सुमारे ८५ टक्के पात्रं पुरुष निघाली. गोरे आणि प्रौढ यांची गर्दी, मुलं आणि वृद्ध जवळपास गायब. म्हणजे अनेक खेळाडू वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शरीरात खेळत आले होते, फक्त त्यांची तक्रार कुणी ऐकली नव्हती.

गेम बनवणाऱ्यालाही त्यात स्वतः सापडू शकतो. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये मॅडलिन नावाची मुलगी एक पर्वत चढते आणि तिच्याच मनातली एक सावली तिचा पाठलाग करते. खेळाडू आधी त्या सावलीपासून पळत राहतो. पुढे दोघींचा समेट होतो, आणि तेव्हा मॅडलिनला हवेत एका झेपेऐवजी सलग दोन झेपा घेता येऊ लागतात. स्वतःचा नकोसा भाग स्वीकारल्याचं फळ बोटांना कळतं. गेमच्या निर्मात्या मॅडी थॉर्सन यांनी २०२० मध्ये लिहिलं, की मॅडलिन पारलिंगी आहे आणि त्या स्वतःही. मूळ गेम बनवताना त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. २०१९ मध्ये जोडलेल्या शेवटच्या प्रकरणावर काम करताना पुसटशी शंका आली, आणि खात्री पटली ती सगळं पूर्ण झाल्यानंतर.