कोट असलेलं नाव आणि कोट नसलेलं नाव: पोस्टग्रेससाठी ही दोन नावं आहेत

‘टेबलाचं नाव युजर किंवा ऑर्डर असेल तर कोट लावायचा, एरवी गरज नाही.’ युजर, ऑर्डर हे एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचे, राखीव शब्द. गोव्यात पर्वरीपासून वेर्ण्यापर्यंत डेटाबेसवर काम करणाऱ्या नव्या मुलांना हेच शिकवलं जातं आणि पुढे तीच मुलं पोस्टग्रेस या डेटाबेसवर एका साध्या क्वेरीवर, म्हणजे डेटा मागणाऱ्या आदेशावर, तासन्‌तास अडकतात. हा सल्ला अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा कुणी सांगत नाही याचा मला खरोखर राग येतो.

सोपं आधी उरकू. मजकूर सिंगल कोटमध्ये, टेबल-कॉलमचं नाव डबल कोटमध्ये. दुसरे डेटाबेस वेगळे: मायएसक्यूएल नावाला बॅकटिक (उलटा कोट) लावतं, एसक्यूएल सर्व्हर चौकोनी कंस. ही चिन्हं ओआरएम, म्हणजे तुमच्या कोडवरून एसक्यूएल तयार करणारं साधन, आपोआप बदलतं.

घोळ अक्षरांच्या आकाराचा, म्हणजे कॅपिटल की स्मॉल याचा, आहे. कोट नसलेलं नाव पोस्टग्रेस आधी स्मॉल अक्षरांत बदलतं आणि मग शोधतं. कोट असलेलं नाव लिहिलंय तसंच शोधतं. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या फेऱ्यांचं टेबल घ्या. प्रिस्मा या ओआरएममध्ये मॉडेलचं (कोडमधल्या टेबलाच्या वर्णनाचं) नाव फेरीट्रिप ठेवलं, एफ आणि टी कॅपिटल. प्रिस्मा प्रत्येक नावाला कोट लावतं, त्यामुळे टेबल कॅपिटलसकट तयार होतं आणि अ‍ॅप सुरळीत चालतं. मग अहवाल काढणारा सहकारी तेच नाव, अगदी कॅपिटल अक्षरांसकट, पण कोटशिवाय लिहितो आणि उत्तर येतं की असं टेबलच नाही. तो परवानग्या तपासतो, स्कीमा (टेबलांचा गट) तपासतो. खरी खूण त्या एररमध्येच असते: त्यात नाव सगळं स्मॉल अक्षरांत छापलेलं असतं. कॉलम चुकला तर पोस्टग्रेस बऱ्याचदा जवळचं नाव सुचवतं, टेबल चुकलं तर सुचवत नाही.

मायएसक्यूएलवर शिकलेल्यांना हे पटत नाही, कारण तिथे बॅकटिकचा कॅपिटल-स्मॉलशी संबंधच नाही. कॉलमच्या नावात आकार बघितला जात नाही आणि टेबलाच्या नावाचं सर्व्हरच्या सेटिंगवर ठरतं. ती सवय घेऊन पोस्टग्रेसवर आलात तर फसणारच.

ओआरएमही सगळी एकसारखी वागत नाहीत. जँगो, प्रिस्मा आणि पोस्टग्रेसवरचं एंटिटी फ्रेमवर्क सरसकट कोट लावतात. एसक्यूएलअल्केमी नाव बघून ठरवतं: सगळं स्मॉल आणि राखीव नसलेलं असेल तर कोट नाही, एखादं कॅपिटल दिसलं की कोट. हायबरनेट सांगितल्याशिवाय सहसा लावत नाही. एकाच डेटाबेसवर यांतली दोन साधनं चालवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

एका राखीव नावासाठी हायबरनेटचं ‘सगळ्यांना कोट लाव’ हे सेटिंग चालू करणं मला अजिबात मान्य नाही. ओरॅकल या डेटाबेसवर काय होतं बघा. ओरॅकल कोट नसलेलं नाव कॅपिटल करतं. हायबरनेट ज्याच्यासोबत बहुधा वापरतात ते स्प्रिंग बूट नावं स्मॉल करून पाठवतं. त्यात कोट पडला की जुन्या टेबलांपैकी एकही सापडत नाही. जँगो ओरॅकलवर नाव आधी कॅपिटल करतं ते याचसाठी.

आणि युजर हे नाव ठेवूच नका. पोस्टग्रेसमध्ये कोटशिवाय त्या नावातून सिलेक्ट केलंत तर एररसुद्धा येत नाही. एक ओळ येते आणि तिच्यात तुमच्या लॉगिनचं नाव असतं.

माझं मत ठाम आहे: डेटाबेसमध्ये सगळी नावं स्मॉल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. कोडमध्ये हवी ती कॅपिटल ठेवा आणि मॅपिंग लिहा. प्रिस्मात त्यासाठी मॅप आहे, एंटिटी फ्रेमवर्कसाठी स्नेक केसचं (स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर) पॅकेज आहे. जुनं टेबल असेल तर रिनेम करा, डेटा जागचा हलत नाही. व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरी, चालूच राहतात, कारण पोस्टग्रेस त्यांत टेबल आतल्या क्रमांकाने ओळखतं. पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आतल्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनांमध्ये मात्र नाव मजकूर म्हणूनच साठवलेलं असतं, ती एकेक शोधून हाताने दुरुस्त करावी लागतात.