मॉरिशसमधील फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिकता

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटराष्ट्रात सरकारी कारभार इंग्रजीत आणि वृत्तपत्रे, व्यापार व प्रतिष्ठित समाजव्यवहार मुख्यतः फ्रेंचमध्ये चालतो. एकामागून एक आलेल्या दोन युरोपीय सत्तांच्या अंमलातून ही वाटणी रूढ झाली. बहुसंख्य घरांत मात्र फ्रेंचपासून घडलेली क्रेओल बोलली जाते.

बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये नाव देणारे डच १७१० मध्ये निघून गेले. फ्रेंचांनी सप्टेंबर १७१५ मध्ये ताबा घेतला. प्रत्यक्ष वसाहत १७२१ किंवा १७२२ पासूनची मानतात. मळेवाले व गुलाम यांच्या व्यवहारातून क्रेओल आकाराला आली. भाषाशास्त्रज्ञ शोदाँसाँ तिचे मूळ शेजारच्या रेयूनियन बेटावर शोधतात, तर बेकर व कॉर्न या भाषाशास्त्रज्ञांच्या मते ती मॉरिशसमध्येच स्वतंत्रपणे घडली. दोन्ही बेटांच्या बोलींतील क्रियापदरचनेचा फरक पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले. ३ डिसेंबर १८१० च्या शरणागतीच्या कराराने फ्रेंच भाषेला संरक्षण दिले, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान तपासून घ्यायला हवे. करारातील आठवे कलम रहिवाशांना ‘धर्म, कायदे व रूढी’ राखण्याची मुभा देते. त्यात भाषेचा उल्लेख नाही. रूढींत भाषाही येते, असा अर्थ फ्रेंच वसाहतवाल्यांनी लावला. सरकारला तो बंधनकारक वाटला नसावा, कारण १८४५ च्या हुकमाने वरिष्ठ न्यायालयांत इंग्रजी सक्तीची झाली व १८४७ पासून त्याची अंमलबजावणी झाली. कायद्यांची हमी मात्र टिकली. दिवाणी कायदा आजही नेपोलियनच्या संहितेवर आधारलेला आहे. त्यामुळे न्यायाधीश निकाल इंग्रजीत लिहितो आणि त्यातच संहितेचे कलम मूळ फ्रेंचमध्ये उद्धृत करतो.

फ्रेंच टिकली ती करारापेक्षा लोकसंख्येमुळे आणि उसामुळे. १८१४ च्या पॅरिस तहाने रेयूनियन फ्रान्सला परत मिळाले व मॉरिशस ब्रिटनकडे राहिले. पण तेथे ब्रिटिश आले ते बहुतांशी अधिकारी व सैनिक म्हणून. जमिनी फ्रेंच कुटुंबांकडेच राहिल्या. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर कमी करून वेस्ट इंडीजच्या साखरेइतका केल्यावर ही कुटुंबे अधिक संपन्न झाली. वर चढू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यांची भाषा आत्मसात करावी लागे.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यघटना राष्ट्राची राजभाषा ठरवत नाही. कलम ४९ एवढेच सांगते की विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी असेल, परंतु सदस्याला अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलता येईल.

१८३४ पासून आलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांत भोजपुरी भाषक सर्वाधिक होते. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातील मराठी कुटुंबांची संख्या त्या मानाने थोडी होती. त्यांच्या वंशजांत गणेशोत्सव जोमाने टिकला असून गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. घरातली बोली मात्र बहुधा क्रेओल झाली आहे. अशा घरातले मूल शाळेची पुस्तके इंग्रजीत वाचते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचते आणि मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकते.