मुलांमधील लठ्ठपणाची तीव्रता : वजनाच्या आकड्यापासून आरोग्याच्या टप्प्यांपर्यंत

लठ्ठपणा ठरवण्यासाठी जगभर वापरला जाणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, मुळात आजार ओळखण्यासाठी तयार झालेला नाही. बेल्जियमचे गणिती अदोल्फ केतले १८३०च्या दशकात ‘सरासरी माणसा’चा शोध घेत होते आणि प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्यांना आढळले. या गुणोत्तराला आजचे नाव मिळाले ते १९७२ मध्ये, अमेरिकी संशोधक अन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. तो अभ्यासही प्रौढ पुरुषांचाच होता. लहान मूल या हिशेबात कुठेच नव्हते.

मुलांना हे माप लावताना पहिली अडचण वाढीची येते. पहिल्या वर्षानंतर मुलाचा बीएमआय उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळाला पोहोचतो आणि मग पुन्हा चढू लागतो. त्यामुळे प्रौढांसारखा एकच आकडा सर्व वयांना लावता येत नाही. यावर उपाय म्हणून वय आणि लिंगानुसार पर्सेंटाइलचे, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत मूल कितव्या स्थानी येते हे सांगणारे तक्ते आले. अमेरिकेचे तक्ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर बेतलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादा मांडल्या गेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते २००६ व २००७ मध्ये आले. अमेरिकी पद्धतीत ९५ व्या पर्सेंटाइलपासून पुढे लठ्ठपणा धरला जातो. मात्र या रेषेच्या वर सगळ्यांची दाटी होते आणि थोडे जास्त वजन व अतिशय जास्त वजन यांतला फरक पर्सेंटाइलमध्ये नीट उमटत नाही. म्हणून ९५ व्या पर्सेंटाइलवरील बीएमआयच्या १२० टक्के आणि १४० टक्के अशा पुढच्या पायऱ्या ठरल्या. मोजणी बारीक झाली खरी, पण प्रश्न तोच राहिला : मूल किती जड आहे?

हा प्रश्न अपुरा का पडतो, हे तपासणीच्या खोलीत लगेच कळते. एकाच वयाची आणि अगदी सारख्या बीएमआयची दोन मुले समोर बसलेली असतात. एकाचे रक्ताचे अहवाल ठीक असतात, झोप शांत असते, मैदानावर ते रमते. दुसऱ्याच्या मानेच्या घड्या काळपट आणि मखमली झालेल्या असतात. घरच्यांना तो मळ वाटतो आणि ते रोज घासत राहतात, प्रत्यक्षात ती बहुधा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. हे मूल रात्री घोरते, वर्गात पेंगते आणि चिडवतात म्हणून खेळाच्या तासाला जायचे टाळते. काट्यावर मात्र दोघे सारखेच ठरतात.

लठ्ठपणाचे आरोग्यावरील परिणामांनुसार टप्पे पाडणारी, कॅनडातील एडमंटन शहराच्या नावाची ‘एडमंटन पद्धत’ नेमकी ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे आली. प्रौढांसाठी ती २००९ मध्ये मांडली गेली आणि मुलांसाठीची आवृत्ती २०१६ मध्ये कॅनडातच तयार झाली. तिच्यात चयापचय, शरीरावर पडणारा भार, मानसिक आरोग्य आणि सामाजिक परिस्थिती अशी चार अंगे तपासून मुलाला शून्य ते तीन यांपैकी एक टप्पा दिला जातो. मधुमेह, यकृतातील चरबी, खुब्याच्या सांध्याचे दुखणे यांच्या बरोबरीने नैराश्य, शाळेतला छळ आणि घरची ओढाताण यांचीही नोंद होते. सामाजिक परिस्थितीला वैद्यकीय मोजमापात मिळालेले हे स्थान मला या पद्धतीतील सर्वांत धाडसी पाऊल वाटते. पुढे कॅनडातील अनेक केंद्रांमधील मुलांना ही पद्धत लावून पाहिली, तेव्हा चयापचयाच्या आणि मानसिक तक्रारी बीएमआयच्या सर्वच वर्गांत आढळल्या.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने हाच विचार पुढे नेला. शरीरातील चरबीचा अंदाज केवळ बीएमआयवरून न बांधता कंबरेच्या घेरासारख्या मापांनी पडताळावा, असे सांगून आयोगाने अवयवांच्या कार्यावर परिणाम झालेला लठ्ठपणा आणि तो अद्याप न झालेला लठ्ठपणा असे दोन भाग केले. पहिल्यासाठी मुलांकरिता १३ स्वतंत्र निकषही दिले. वाद आहे तो दुसऱ्या भागाबद्दल. आज तक्रार नाही म्हणून उपचार लांबतील, ही शंका अनेक डॉक्टरांना वाटते, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०२३ च्या मार्गदर्शिकेत नुसती वाट पाहत राहण्याच्या विरोधातच सल्ला दिलेला आहे.